ज्योत परीक्षा आणि दख्खनमधील १८६८ चे सूर्यग्रहण

१६ फेब्रुवारी १९८० रोजी हैदराबादजवळील उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर वेधशाळेवरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. तोवर ग्रहणकाळी सूर्याचा वर्णपट घेणे ही रूढ पद्धत झाली होती. याच दख्खनमध्ये ११२ वर्षांपूर्वी ती पद्धत अगदी नवी होती. तिचे मूळ रसायनशास्त्राच्या ज्योत परीक्षेत आहे.

प्लॅटिनमच्या तारेवर क्षार घेऊन तो ज्योतीत धरला असता सोडियम पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा, कॅल्शियम विटकरी व बेरियम पोपटी रंग देते. सर जॉन हर्शेल यांनी १८२० च्या दशकात अशा ज्योतींच्या वर्णपटांचे वर्णन केले. प्रत्येक धातूच्या रेषा ठराविक जागीच येतात हे बुन्सेन व किर्कहॉफ यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा जमखंडीकडून निजामाच्या राज्याच्या दक्षिण भागातून गुंटूरकडे गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात सर जॉन यांचे पुत्र लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वेध घेतले. आकाश ढगाळ होते. तरीही सूर्याच्या कडेवरील ज्वालांमध्ये त्यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची ‘डी’ रेषा मानली. हा तर्क स्वाभाविक होता, कारण मिठाचा कणही ज्योत पिवळी करतो.

२० ऑक्टोबर १८६८ रोजी लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये ग्रहणाविना सौरज्वालांचे वेध घेतले. त्यांना ही रेषा ‘डी’च्या शेजारी, पण निराळ्या जागी आढळली. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, तर ही ५८७.६ वर. प्रयोगशाळेतील कोणताही ज्ञात पदार्थ ती देत नव्हता. १८९५ मध्ये रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत ती सापडली. तो हेलियम होता, धातू नव्हे.

सारांश, रंग हा केवळ संकेत आहे. खरा पुरावा रेषेच्या मोजमापाचा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात पोटॅशियमचा रंग लपतो, म्हणून विद्यार्थी निळ्या कोबाल्ट काचेतून ज्योत पाहतात. त्या सावधगिरीचे महत्त्व पटवून देण्यास जमखंडीच्या नारिंगी रेषेइतके समर्पक उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल.