नो डिस्प्ले

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला. रविवार, १५ मे २००५ च्या पहाटे ४:४० ला या घरातलं ग्राफिक्स कार्ड मेलेलं आढळलं. विकत घेऊन साडेतेरा तास झाले होते.

शनिवार, दुपारी ३:१०
लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून धाकट्यानं रेडिऑन ९५५० घेतलं. एजीपी, १२८ एमबी, ४,१०० रुपये. जुनं जीफोर्स टू एमएक्स एक्सचेंजमध्ये देऊन ५०० कमी झाले. "जुनं राहू दे घरी, अडीअडचणीला बरं असतं," असं दुकानदारानंच एकदा सुचवून पाहिलं. घरच्या मदरबोर्डवर ऑनबोर्ड ग्राफिक्स नव्हतं.

संध्याकाळी ६:२५
कार्ड एजीपी स्लॉटमध्ये बसलं. त्याचा पंखा खालच्या बाजूला. त्याच्या बरोबर खाली, पहिल्या पीसीआय स्लॉटमध्ये, टीव्ही ट्यूनर. दोन स्लॉटमधलं अंतर दोन सेंटीमीटर, त्यातला निम्मा भाग पंखा आणि हीटसिंकनंच खाल्लेला. खालचे दोन स्लॉट मोकळे होते. ट्यूनर हलवायचा तर एक स्क्रू काढायचा आणि विंडोजनं पुन्हा ड्रायव्हर मागितला तर तो द्यायचा. ट्यूनर हलला नाही.

७:०५
सोबत आलेली ड्रायव्हरची सीडी बॉक्समध्येच राहिली. मित्राकडून आणलेल्या सीडीवर ओमेगा ड्रायव्हर होता, म्हणजे रेडिऑनवाल्या एटीआयच्या कॅटॅलिस्ट ड्रायव्हरचीच बाहेरच्या माणसानं बदललेली आवृत्ती. विंडोज एक्सपीनं खिडकी उघडली: या ड्रायव्हरनं लोगो टेस्टिंग पास केलेलं नाही. खाली दोन बटणं, 'कंटिन्यू एनीवे' आणि 'स्टॉप इन्स्टॉलेशन'. त्या काळात पहिलं बटण दाबल्याशिवाय कुणाचा स्कॅनरसुद्धा चालू होत नसे, त्यामुळे यात धाकट्याला वेगळा दोष देता येत नाही.

७:४०
खरा मोह इथे होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. २००२ साली आलेल्या रेडिऑन ९५०० मध्ये महागड्या ९७०० चीच चिप होती. आठांपैकी चार पाइपलाइन बंद ठेवलेल्या. बदललेला ड्रायव्हर टाकला की त्या उघडत. नशीब फुटकं असेल तर पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसत, नाहीतर स्वस्तातलं कार्ड फुकटात वरच्या वर्गात जाई. धाकट्यानं हे ऐकलं होतं. त्याचं कार्ड ९५५० होतं. त्यात उघडण्यासारखं काही नव्हतं.

वाढवण्यासारखं मात्र होतं. ९५५० ची चिप ९६०० च्याच घराण्यातली, आरव्ही३५०. ९६०० वर ती ३२५ मेगाहर्ट्‌झनं धावते, ९६०० प्रोवर ४०० नं. ९५५० वर तिला २५० ला बांधून ठेवलेलं. व्होल्टेज तेवढंच ठेवून २५० चे ४०० केले, तर चिपच्या कामातून निघणारी उष्णता साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्क्यांनी वाढते. हीटसिंक २५० च्या हिशेबानं बसवलेला होता.

शिवाय आरव्ही३५० च्या पोटात तापमान सांगणारा सेन्सर नाही. तो पुढच्या ९६०० एक्सटीमध्ये आला. पंख्याला दोनच वायरी, म्हणजे तो फिरतोय की थांबलाय हेही कॉम्प्युटरला कळणार नाही.

८:३०
३२५. मग ३७५. मग ४००. नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २ मधला ओला रस्ता पहिल्यांदाच न अडखळता सरकला. कॅबिनेटचं डावं झाकण उघडं होतं आणि त्यातून खोलीतल्या टेबलफॅनचा वारा थेट कार्डावर येत होता. हा वारा त्या ४०० मधला भागीदार होता. त्याची मोजदाद झाली नाही.

९:५०
४३० वर पडदा गोठला, काळा झाला आणि परत आला. निरोप आला: व्हीपीयू रिकव्हरनं अडकलेली चिप रीसेट केली आहे. एटीआयनं ही सोय २००३ मध्ये ड्रायव्हरमध्ये घातली ती नेमकी अशाच वेळेसाठी. धाकट्यानं ४२० केलं आणि सेटिंगमध्ये जाऊन व्हीपीयू रिकव्हरसमोरची टिक काढली. शर्यतीच्या मध्येच व्यत्यय येत होता.

१०:३५
दादाला मशीन मिळालं. लग्नपत्रिकेचं काम, कोरलड्रॉमध्ये. मुलीकडच्यांनी सांगितलेली दोन नावं घातली, फाइल सेव्ह केली. लेझरवर ट्रेसिंग काढायचं बाकी होतं. "सकाळी काढतो. नऊला प्रेसवाला येणारे," म्हणाला. फाइल सीडीवर टाकायची, तर कोरी सीडी संपलेली.

११:२०
आई त्याच खोलीत झोपायची. "अरे, ते झाकण लाव आधी. केवढी किरकिर ती." धाकट्यानं झाकण लावलं. आत हार्ड डिस्कची रुंद, चपटी केबल बाहेर लोंबत होती. झाकणानं ती आत ढकलली. टेबलफॅन आईकडे वळवला.

११:४५
एटीआयटूलमध्ये 'फाइंड मॅक्स कोअर'. हा प्रोग्रॅम पडद्यावर एक केसाळ ठोकळा सतत फिरवतो, चिपला पूर्ण कामाला लावतो आणि हळूहळू वेग वाढवत जातो. चित्रात चुका दिसल्या की थोडा खाली येतो, मग पुन्हा वर. थांबवेपर्यंत हेच. सुरुवात ४२० पासून. धाकट्यानं मॉनिटर बंद केला आणि झोपला.

रात्री २:१०
आई पाणी प्यायला उठली. एसएमपीएसची घरघर चालू होती, पण ती बारीक किरकिर थांबली होती. तिला बरं वाटलं.

४:४०
नळाला पाणी पाचला येतं म्हणून आई उठली. खोलीत इस्त्री तापून राहिल्यासारखा वास. तिनं धाकट्याला हलवलं. मॉनिटर लावला: काळा, दिवा केशरी. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एक लांब बीप, दोन आखूड.

झाकण काढल्यावर दिसलं ते असं: चपट्या केबलची कड पंख्याच्या पात्यांत अडकलेली. हीटसिंकला बोट लावलं आणि लगेच काढलं. कार्डाच्या पाठीला, चिपच्या मागे, रुपयाएवढा तपकिरी डाग.

सकाळी ९:०५
प्रेसवाला आला. हार्ड डिस्क शाबूत होती, फाइलही. पण मराठी फॉन्ट डोंगलवर चालणारे, आणि रविवारी सकाळी तसं दुसरं मशीन जवळपास उघडं नव्हतं. तो दहा मिनिटं थांबला. दुपारी प्रेसच्या मशीनवर दुसरं काम चढलं.

सोमवार, दुपारी १२:२०
दुकानदारानं कार्ड टेस्टिंगच्या मशीनमध्ये लावून पाहिलं, काढलं, पालथं केलं आणि डागावरून नख फिरवलं. काही विचारलं नाही. पावतीवर 'नो डिस्प्ले' लिहिलं. वॉरंटीत बसलं तर बदलून, नाहीतर परत. मुदत पंधरा दिवस.

पत्रिका तेवढी थांबणार नव्हती. दुकानदारानं एक वापरलेलं जीफोर्स टू एमएक्स २०० काढलं, ६५० रुपये. दादानं पैसे काढायच्या आधी ते उलटसुलट करून पाहिलं.

"याचा पंखा कुठाय?"

"याला नसतोच," दुकानदार म्हणाला.

दादानं ६५० मोजून दिले.