‘पाठलाग’ : उत्तर ठाऊक झालेले रहस्य

मराठीत ‘फिल्म न्वार’ झालाच नाही, असे विधान अनेकदा सहजपणे केले जाते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) समोर ठेवला, की ते तपासून घ्यावे असे आम्हांस वाटते.

फ्रेंच समीक्षकांनी १९४६च्या सुमारास काही अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव दिले. बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) हा त्यांतला ठळक नमुना. तेथे मोहक स्त्री खोटे बोलते आणि पुरुष विश्वास ठेवतो. ‘पाठलाग’मध्ये हे नाते नेमके उलटते. पत्नी वारली असे मानणाऱ्या वकिलासमोर गुन्हेगार म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी स्त्री उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. संसारातल्या खासगी आठवणी न्यायालयात पुरावा म्हणून मांडल्या जातात. स्त्री खरे बोलते आहे. विश्वास नाही तो पुरुषाचा. शहरी रस्त्यावरचा काळोख येथे घराच्या उंबऱ्याआत आला आहे.

ह्या चित्रपटाचे स्वागत कसे झाले? ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) नंतर मराठी पडद्यावर तमाशापटांना बहर आला होता. नारायणगावच्या राहुट्यांशेजारी वाढलेल्या आम्हां जुन्नर-आंबेगावकरांना तो ओढा समजावून सांगण्याची गरज नाही. त्या काळातही ‘पाठलाग’ला मराठी चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे त्यावरून तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ (१९६५) आणि हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. हिंदी रूपांतराचे दिग्दर्शक राज खोसला हे ‘सी.आय.डी.’ (१९५६) करणारे, म्हणजे न्वारच्या वाटेवरचेच. आज मात्र विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते झुमक्याचे गाणे. मूळ कृती रूपांतराच्या सावलीत गेली.

याला आमच्या मते आणखी एक कारण आहे. आपण ‘पाठलाग’ केवळ रहस्यपट म्हणून पाहिला. उत्तर कळले आणि पुन्हा पाहण्याचे प्रयोजन संपले. परंतु ज्या कादंबरीवर तो बेतला आहे, त्या जयंत देवकुळे यांच्या कादंबरीचे नावच ‘आशा परत येते’ असे आहे. म्हणजे लेखकाने उत्तर मुखपृष्ठावरच देऊन ठेवले होते. तेव्हा ती स्त्री कोण, हा प्रश्न दुय्यम ठरतो. आपण आपणच आहोत हे पत्नीला नवऱ्यापुढे सिद्ध का करावे लागावे, हा प्रश्न उरतो. वर्गात ‘पाठलाग’ दाखवावा, तो ह्या प्रश्नासाठी.