उदासीन बिंदू (विद्युत क्षेत्रातील)

दोन किंवा अधिक विद्युत प्रभारांची क्षेत्रे जेथे परस्परांना पूर्णपणे निष्प्रभ करतात आणि निष्पन्न क्षेत्र शून्य होते, त्या जागेला उदासीन बिंदू म्हणतात. मूळ प्रभार आपापल्या जागी पक्के असतील, तर अशा बिंदूत ठेवलेल्या कणावर एकूण विद्युत बल शून्य असते, मग त्या कणाचा प्रभार कितीही असो.

याचा पाया अध्यारोपणाचे तत्त्व हा आहे. प्रत्येक प्रभाराचे क्षेत्र, इतर प्रभार नाहीतच असे धरून, कूलॉमच्या १७८५ मधील व्यस्त वर्ग नियमाने काढायचे आणि मग सगळ्यांची सदिश बेरीज करायची. बेरीज सदिश असल्याने परिमाणे समान असणे पुरेसे नाही, दिशाही विरुद्ध हव्यात. बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या गणितांत बहुतेक चुका येथेच होतात, कारण दिशा न पाहता थेट समीकरण मांडले जाते.

उदाहरणार्थ, ४ आणि १ मायक्रोकूलॉमचे दोन धन प्रभार ३० सेंमी. अंतरावर आहेत. परिमाणे समान ठेवली की वर्गसमीकरण मिळते आणि मोठ्या प्रभारापासून २० सेंमी. व ६० सेंमी. अशी दोन उत्तरे येतात. दोन्ही धन प्रभारांच्या मधल्या रेषाखंडावरच क्षेत्रे समोरासमोर येतात, म्हणून २० सेंमी. हे उत्तर खरे. ६० सेंमी.वर परिमाणे जुळतात, पण दोन्ही क्षेत्रे एकाच दिशेला असल्याने ती दुप्पट होतात. आता लहान प्रभार ऋण करा. समीकरण तेच राहते, उत्तरे तीच राहतात, पण खरेखोटेपणा उलटतो: मधल्या भागात क्षेत्रे एका दिशेची होतात आणि उदासीन बिंदू ऋण प्रभाराच्या पलीकडे ३० सेंमी.वर जातो. मोठ्या प्रभाराच्या बाहेरच्या बाजूला तो कधीच मिळत नाही, कारण तेथे मोठा प्रभार जवळही असतो आणि बलवानही. समान व विरुद्ध प्रभारांच्या जोडीला सान्त अंतरावर उदासीन बिंदू नसतोच.

क्षेत्र शून्य म्हणजे विभवही शून्य, असे मात्र नाही. वरील विरुद्ध प्रभारांच्या उदासीन बिंदूत विभव सुमारे ३० हजार व्होल्ट असतो. उलट त्या दोघांमध्ये मोठ्या प्रभारापासून २४ सेंमी.वर विभव शून्य आहे, पण क्षेत्र जोरदार आहे.

प्रभार पसरलेला असेल तर अंतराशी क्षेत्राचे नाते बदलते. लांब प्रभारित तारेचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून ४:१ रेषीय घनतेच्या दोन समांतर सजातीय तारांत ३० सेंमी. अंतर असल्यास उदासीन रेषा जास्त घनतेच्या तारेपासून २४ सेंमी.वर येते, येथे वर्गमूळ लागत नाही. अनंत पसरलेल्या प्रभारित पत्र्याच्या क्षेत्राचे परिमाण तर सर्वत्र सारखे असते. अशा पत्र्यावर दर चौरस मीटरला १ मायक्रोकूलॉम धन प्रभार आणि समोर १ मायक्रोकूलॉमचा धन बिंदुप्रभार असेल, तर उदासीन बिंदू बिंदुप्रभारापासून पत्र्याच्या दिशेने सुमारे ४० सेंमी.वर सापडतो. बिंदुप्रभार पत्र्याच्या ४० सेंमी.हून जवळ आणला की हे अंतर पत्र्यापलीकडे जाते. तेथे पत्र्याचे क्षेत्र उलटे झालेले असते, दोन्ही क्षेत्रे एकाच दिशेची होतात आणि उदासीन बिंदू नाहीसा होतो. पोकळ, एकसमान प्रभारित गोलाच्या आत मात्र केवळ एखादा बिंदू नव्हे, तर सगळी पोकळीच क्षेत्रशून्य असते. पोकळीतल्या याच शून्यावरून जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये, कूलॉमच्या आधीच, व्यस्त वर्ग नियमाचा अंदाज बांधला होता.

सममिती हा मोठा आधार असला तरी सगळे बिंदू तिच्याने हाती लागत नाहीत. समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर तीन समान प्रभार ठेवले की केंद्रबिंदू उदासीन आहे हे लगेच दिसते. पण बाजूच्या मध्यावर समोरच्या प्रभाराचे क्षेत्र बाहेर ढकलते, तर केंद्राजवळ निष्पन्न क्षेत्र केंद्राकडे ओढते. म्हणजे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी क्षेत्र शून्य होणारच. केंद्रापासून बाजूच्या मध्याकडे निम्म्याहून थोडे पुढे असे आणखी तीन बिंदू आहेत. पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो, हे खेदाचे आहे. असे बिंदू जास्तीत जास्त किती, हा प्रश्न मॅक्सवेलच्या नावाने ओळखला जातो. तीन प्रभारांना कमाल ४ बिंदू, असा त्याचा अंदाज आहे. २००७ मध्ये गाब्रिएलॉव, नोविकॉव व शापिरो यांनी ते १२ हून जास्त नसतात, एवढे सिद्ध केले.

सॅम्युएल अर्नशॉ यांच्या १८४२ च्या प्रमेयानुसार प्रभाररहित अवकाशातील उदासीन बिंदूत स्थिर समतोल अशक्य असतो: एका दिशेने कण परत आला, तरी दुसऱ्या दिशेने तो निसटतो. म्हणूनच केवळ स्थिर विद्युत क्षेत्राने आयन पकडून ठेवता येत नाही. वोल्फगांग पॉल यांनी वेगाने उलटसुलट होणारे क्षेत्र वापरून हा अडसर ओलांडला आणि १९८९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आयनांवर चालणाऱ्या क्वांटम संगणकांत आयन अशाच सापळ्याच्या क्षेत्रशून्य रेषेवर एका ओळीत धरलेले असतात.