‘नेट चालत नाही’ : दोष घरात की बाहेर?

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, अहिल्यानगरहून आष्टीकडे जाणाऱ्या मार्गावर कडा हे बाजारपेठेचे गाव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अहिल्यानगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि गाव लोहमार्गाच्या नकाशावर आले. अशा गावांतील घरांतही इंटरनेट आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंदणी, परीक्षेचे प्रवेशपत्र ही सारी कामे त्यावरच होतात. नेमक्या अखेरच्या दिवशी जोडणी खंडित झाली, की पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला गावाकडून फोन जातो, ‘नेट चालत नाही’. या तीन शब्दांवरून दोष कळत नाही. तो कोठे आहे हे ठरविणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

चार कड्यांची साखळी

घरातील जोडणी ही एक साखळी असते. मोबाइल किंवा संगणक ही पहिली कडी, वाय-फायच्या लहरी दुसरी, राउटर तिसरी आणि घराबाहेर जाणारी तार चौथी. तपासणी याच क्रमाने, जवळून दूर करावी. एका मोबाइलवर इंटरनेट चालत नसेल व दुसऱ्यावर चालत असेल, तर दोष त्या मोबाइलचा. सर्वच उपकरणे बंद असतील, तर राउटरकडे वळावे.

दिव्यांची भाषा

भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. आता बहुतेक नव्या जोडण्या काचेच्या तंतूवरून, प्रकाशाच्या साह्याने येतात. हा प्रकाश स्वीकारणाऱ्या पेटीवर काही दिवे असतात. एकही दिवा लागला नसेल, तर दोष विजेचा, स्विचचा किंवा अ‍ॅडॉप्टरचा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर पेटीपर्यंत प्रकाशच पोचत नाही. रस्त्याच्या खोदकामात तार तुटणे, उंदरांनी ती कुरतडणे किंवा कपाटामागे ती काटकोनात दुमडणे ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी राउटर पुन:पुन्हा बंद-चालू करून उपयोग नसतो. तक्रारच नोंदवावी लागते. तार काढून तिच्या टोकात डोकावू नये, कारण त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी अपाय करू शकतो. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल, तर तार शाबूत आहे असे समजावे. दूर बसलेल्या मुलाने म्हणूनच प्रथम ‘कोणता दिवा लागला आहे आणि त्याचा रंग कोणता?’ हे विचारावे.

दिवे ठीक, तरीही बंद

दिवे योग्य असूनही इंटरनेट चालत नसेल, तर आधी योजनेची मुदत संपली नाही ना हे पाहावे. त्यानंतर पेटी विजेपासून मिनिटभर तोडून पुन्हा सुरू करावी व पाच मिनिटे थांबावे. पेटीच्या मागील बारीक छिद्रातील ‘रिसेट’ कळ मात्र टाचणीने दाबू नये. त्यामुळे कंपनीने भरलेले नाव, संकेतशब्द व इतर मांडणी पुसली जाऊ शकते आणि किरकोळ दोषासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

वीज गेल्यावर घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालतो, तरीही कधी कधी इंटरनेट बंद पडते. गावातील कंपनीच्या यंत्रालाही वीज लागते; तेथील बॅटरी संपली, तर घरात काहीच करता येत नाही.

वेग मंद असल्यास

दगडी भिंती आणि लोखंडी कपाटे वाय-फायच्या लहरी अडवितात. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतात. दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ बरे. संगणक केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवर तो पुरेसा आणि वाय-फायवर कमी असेल, तर दोष घरातच आहे. वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतात, हेही लक्षात ठेवावे.

तक्रार कशी करावी

‘नेट बंद आहे’ असे न सांगता दिव्यांचा रंग, बंद पडल्याची वेळ आणि केलेले उपाय सांगावेत. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रार केंद्राने तो देणे बंधनकारक आहे. निराकरण समाधानकारक न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तंत्रज्ञ आल्यावर प्रकाशाची पातळी किती, हे विचारून ठेवावे. ती साधारणत: उणे २७ डीबीएमपेक्षा खाली गेली, तर जोडणी वारंवार तुटते.

दुरुस्ती होईपर्यंत मुदतीचे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उरकावे. अर्ज भरण्यास थोडाच डेटा लागतो. अखेरचा दिवस मात्र पुन्हा येत नाही.