महाबळेश्वरचे धबधबे व त्यांचीं नांवें

महाबळेश्वरच्या पठारावर कड्यांना साहेबांचीं नांवें आहेत आणि धबधब्यांना कष्टकऱ्यांचीं. लॉडविक, एल्फिन्स्टन, कार्नाक, फॉकलंड, बॅबिंग्टन, केट हे सारे कडे. हवा खावयास येणाऱ्यांच्या भाषेंत 'पॉइंट'. गव्हर्नर, लष्करी अंमलदार आणि त्यांचे आप्तस्वकीय यांची ही पंगत दरीच्या कांठाकांठानें बसली आहे. तिच्याकडे पाठ फिरवून धबधब्यांच्या वाटेला लागावें, तर एकाचें नांव 'धोबी', दुसऱ्याचें 'चायनामन' म्हणजे चिनी माणूस, आणि तिसऱ्याचें 'लिंगमळा', जें कोणा व्यक्तीचें नसून त्या जागेचेंच देशी नांव. हा निव्वळ योगायोग समजून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे. या डोंगरावर कोण कशासाठीं आलें, कोणीं काय पाहिलें आणि कोणाची आठवण दगडावर कोरण्यालायक ठरली, याचा बराचसा इतिहास या नांवांच्या वांटणींत सांपडतो.

प्रथम पाण्याची गोष्ट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच आहे. काळ्या कातळाच्या थरांवर जांभ्या दगडाचें टोपण चढवावें, तशी या पठाराची रचना. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचें पाणी तो पिऊन घेतो आणि तें खालच्या कठीण काळ्या दगडाशीं अडलें कीं ठिकठिकाणीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. पाऊसही थोडाथोडका नव्हे; सालाची सरासरी दोनशें इंचांहून अधिक, आणि त्यांतला बहुतेक सगळा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. आश्विनांत आकाश निवळलें तरी ओढे कांहीं काळ वाहते राहतात ते या जांभ्याच्या पुण्याईनें.

या पाण्याची ख्याति इंग्रजांनीं केली असें कोणी समजूं नये. क्षेत्र महाबळेश्वर हें त्यांच्यापूर्वीं कित्येक शतकें यात्रेचें ठिकाण होतें. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम तेथील पंचगंगेच्या देवालयांत मानतात आणि त्यांचें एकत्र पाणी गोमुखांतून कुंडांत पडतें. १६६५ सालच्या जानेवारींत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजीमहाराजांनीं मातोश्री जिजाबाईंची आणि वृद्ध सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली ती येथेंच. परंतु यात्रेकरूची दृष्टि उगमावर खिळलेली असे. नदी पाहावयाची ती जन्मस्थानीं. पुढें ती कोणत्या कड्यावरून उडी घेते याचें त्याला विशेष अगत्य नव्हतें. गोमुखांतली करंगळीएवढी धार त्याला पुरे होई. नदीचें कोसळणें हेंच मुद्दाम जाऊन पाहण्यासारखें दृश्य आहे, ही रुचि नव्या पाहुण्यांबरोबर आली.

ते पाहुणे आले १८२४ च्या सुमारास. साताऱ्यास असलेले लॉडविक नांवाचे लष्करी अंमलदार त्या वर्षीं डोंगर चढून वर गेले आणि तेथील थंड हवेची वार्ता त्यांनीं खालीं आणली. १८२७ सालीं मुंबईचे गव्हर्नर झालेले सर जॉन मालकम यांनीं ती मनावर घेतली आणि १८२९ सालीं साताऱ्याच्या छत्रपति प्रतापसिंहमहाराजांशीं करार करून, वांई परगण्यांतील खंडाळा हें गांव त्यांना देऊन त्याच्या मोबदल्यांत महाबळेश्वर घेतलें. नवी वस्ती मालकम पेठ या नांवानें वसूं लागली. करार करणाऱ्या महाराजांना पुढें दहाच वर्षांनीं, १८३९ सालीं, गादीवरून दूर करून काशीस पाठविण्यांत आलें, हीहि गोष्ट त्या थंड हवेबरोबर ध्यानांत ठेवलेली बरी. त्यांच्या मागून गादीवर आलेल्या आप्पासाहेबमहाराजांच्या कारकीर्दींत, १८४२ सालीं, वेण्णेचें पाणी अडवून तळें बांधलें गेलें. आज होड्या फिरतात तें हेंच वेण्णा तळें.

एकदां वस्ती झाल्यावर नांवें देण्याचें काम झपाट्यानें सुरू झालें. प्रत्येक गव्हर्नराच्या वाट्यास एखादा कडा आलाच पाहिजे, असा जणु दंडक पडला. कांहीं वेळां एकाच कड्यावर दोन मानकरी चढले. आजचा लॉडविक पॉइंट पूर्वीं सर सिडने बेक्विथ यांच्या नांवानें सिडने पॉइंट म्हणून ओळखला जात असे. पुढें लॉडविक यांच्या पुत्रानें १८७४ सालीं तेथें वडिलांचा स्तंभ उभारला आणि कड्यानें यजमान बदलला. पठाराच्या सर्वांत उंच माथ्यास 'सिंदोळा' असें सुरेख देशी नांव होतें. १९२३ ते १९२८ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर लेस्ली विल्सन यांच्या नांवाखालीं तें झांकलें गेलें. माथा तोच, सूर्योदयही तोच.

मग धबधबे या नामकरणांतून सुटले कसे? त्याचें एक कारण वाटेंत असावें. कड्यापर्यंत रस्ते केलेले. साहेब घोड्यावर, मडम पालखींत वा गाडींत बसून सूर्यास्ताच्या वेळीं तेथें जात आणि अंधार पडण्यापूर्वीं परतत. धबधब्याची वाट पाऊलवाट. ती जांभूळ, हिरडा आणि अंजन यांच्या दाट रानांतून खालीं उतरते, पालापाचोळ्याखालीं दगड निसटतात, आणि उतरतांना जें सोपें वाटलें तें चढतांना छाती भरून आणतें. दुसरें आणि अधिक खरें कारण ऋतूचें आहे. इंग्रजांचा हंगाम उन्हाळ्याचे महिने आणि पावसाळा सरल्यानंतरचे कांहीं आठवडे एवढाच. जूनमध्यें पहिल्या सरी आल्या कीं बंगल्यांच्या भिंती वितळूं नयेत म्हणून त्यांना बाहेरून गवताचे जाड पडदे बांधीत आणि सारी मंडळी पुण्यास किंवा मुंबईस उतरत. वैशाखांत जो धबधबा पाहावयाचा तो म्हणजे ओल्या कातळावरची एक रेघ. आश्विनांत तो बरा असे. पण त्याचें खरें रूप, श्रावणांतलें, धुक्यांतून नुसता आवाजच ऐकूं येणारें, तें पाहण्यास वर उरत ते माळी, पहारेकरी, धनगर, कोळी, रानांत लोखंड गाळणारे धावड आणि तुरुंगांतले कैदी. धबधबे ज्यांनीं पूर्ण पाहिले त्यांच्या बाजूनें ते राहिले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कैद्यांची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरीं एक तुरुंग बांधण्यांत आला. त्यांत सुमारें १२० माणसांची सोय होती आणि तो मुख्यतः चिनी व मलायी कैद्यांसाठीं होता. हे लोक सिंगापूर, पिनांग, मलाक्का या इंग्रजांच्या पूर्वेकडील ठाण्यांत शिक्षा होऊन समुद्रापार हिंदुस्थानांत आणलेले. त्याच काळांत हिंदुस्थानांतले कैदी काळ्या पाण्याच्या शिक्षेवर नेमके त्याच ठाण्यांकडे पाठविले जात होते. सिंगापुरांतले रस्ते त्यांनीं बांधले, आणि १८६१ सालीं पूर्ण झालेलें सेंट अँड्र्यूजचें मोठें देऊळही हिंदी कैद्यांच्याच हातचें. शिक्षेचा अर्धा भाग मायदेश तुटण्यांत आहे, हें सरकारनें पुरतें ओळखलें होतें. म्हणून चिन्यानें सह्याद्रींत कुदळ मारावी आणि मराठ्यानें मलायांत दगड फोडावे, असा हा विलक्षण अदलाबदलीचा व्यवहार.

सह्याद्रींत आलेल्या या चिनी लोकांनीं मात्र कुदळीचें सोनें केलें. बाजाराखालच्या ओढ्याकांठीं त्यांच्या बागा होत्या. पाणी खेळविण्याची कला त्यांच्या हातांत होती. उतारावर पायऱ्यांसारखे वाफे करून त्यांनीं बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या, वेताच्या टोपल्या विणल्या, आरारूट तयार केलें. महाबळेश्वरच्या बटाट्यांचा मुंबई-पुण्यास पुढें जो लौकिक झाला त्याच्या मुळाशीं ही मेहनत आहे, आणि भोंवतालच्या कुणब्यांनीं ही शेती त्यांच्याकडूनच उचलली. १८६४ च्या सुमारास तुरुंग बंद झाला. बागा दुसऱ्यांच्या हातीं गेल्या. त्या बागांजवळून वाहत जाऊन कोयनेच्या खोऱ्याकडे उडी घेणाऱ्या पाण्याला लोक 'चायनामनचा धबधबा' म्हणत राहिले. कोणा एका कैद्याचें नांव तें नव्हे. शेंकडों मैल दूरच्या माणसांच्या सबंध टोळीला मिळून एक नांव, आणि तेंहि परक्या भाषेंतलें. तरी कड्यांवरच्या संगमरवरी पाट्यांपेक्षां तें अधिक बोलकें आहे. लॉडविक यांनीं काय केलें तें पाटी वाचून कळतें. चिनी माणसानें काय केलें तें बाजारांत बटाटे घेतांना कळे.

धोब्याच्या धबधब्याविषयीं इतकें बोलण्यासारखें नाहीं, आणि त्यांतच त्याचें मर्म आहे. हा प्रवाहही कोयनेच्याच बाजूचा, पेटिट रस्त्याच्या आसपासच्या झाडींत लपलेला, उंचीनें बेताचा, परंतु सावलींत असल्यामुळें तिघांत सर्वांत शांत. एकेका बंगल्याबरोबर खानसामा, भिस्ती, मोतद्दार आणि धोबी यांचा ताफा वर येई. चादरी आणि सदरे यांना वाहतें पाणी हवें. तें जेथें मिळे तेथें दगड आपटण्यासाठीं घासला जाई. सहलीला निघालेल्या मंडळींना हा धबधबा सांपडला तेव्हां तेथें बहुधा अगोदरच कोणी गुडघाभर पाण्यांत उभा असला पाहिजे.

तिन्हींत भव्य म्हणावा तो लिंगमळ्याचाच. पांचगणीच्या वाटेवर, गांवापासून साडेतीन-चार मैलांवर, वेण्णा नदी सुमारें पांचशें फूट खोल दरींत झोंकून देते. त्याच्या अलीकडे वरच्या अंगास एक लहान धबधबा आहे. पोरेंबाळें घेऊन आलेल्यांनीं त्याच्यावर संतोष मानावा, कारण मोठ्याच्या कड्यावर पावसाळ्यांत जांभा शेवाळून लोण्यासारखा होतो. येथें पाण्याचा लोट अखंड खालीं पोंचतच नाहीं. वाऱ्याच्या झोतांत मधल्यामध्येंच त्याचें पिंजलेल्या कापसासारखें होतें. याच परिसरांत १८६० नंतरच्या वर्षांत सरकारनें सिंकोनाची लागवड करून पाहिली. हिंवतापावरचें क्विनाइन या झाडाच्या सालीपासून निघतें आणि त्या काळीं त्याला सोन्याचें मोल होतें. निलगिरींत ती लागवड साधली. येथें साधली नाहीं; झाडें मेलीं आणि मळा मोडला. लिंगमळ्याचें नांव बदलण्याचें श्रेय कोणास लाभलें नाहीं.

आतां हंगाम उलटला आहे. मोटारींचे रस्ते झाले, बंगल्यांचे गवती पडदे गेले, आणि पूर्वीं जूनमध्यें ओस पडणाऱ्या या गांवीं भर पावसांत धबधबे पाहण्यासाठींच लोक चढून येतात. साहेबांच्या कड्यांवर त्या दिवसांत धुक्यावांचून कांहीं दिसत नाहीं. त्यामुळें गर्दी असते ती लिंगमळ्याला. त्या कड्यावरून पडणारी वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते. धोब्याच्या आणि चिनी माणसाच्या धबधब्यांचें पाणी कोयनेंतून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापर्यंत जाऊन पुढें पूर्वसमुद्रास मिळत असे. कोयनेवर धरण होऊन १९६२ नंतर वीजनिर्मिति सुरू झाल्यापासून त्यांतला मोठा भाग डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळतो, पोफळीच्या विजेच्या कारखान्यांतलीं चक्रें फिरवितो, आणि चिपळुणावरून वासिष्ठीच्या पात्रानें अरबी समुद्रास जातो.