उदेपूरची तळी आणि आपले पूर्वज

दिवाळीच्या सुटीत उदेपूर करून आलेले कुटुंब आता आपल्या गावातल्या कोणत्याही आळीत सापडते. मंडळी परत आली की काय काय पाहिले याची यादी ठरलेली असते : पिछोल्यातली नाव, जगमंदिर, राणाजींचा राजवाडा, सहेलियोंकी बाडी, फतेहसागरची चक्कर आणि जाता-येता नाथद्वारा व हळदीघाट. या यादीत खोट काढण्यासारखे काही नाही. ही सारी स्थळे पाहावीत अशीच आहेत. परंतु नावेत बसलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला तेथे एक वाक्य येते आणि त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. वाटाड्या विचारतो, "आप महाराष्ट्रसे आये हैं?" होकार मिळताच हसत हसत म्हणतो की तुमच्या लोकांनी येथून पुष्कळ नेले बरे का! यावर कोणी रागावतो, कोणी घाईघाईने शिवछत्रपतींचे नाव घेतो, तर कोणी ऐकलेच नाही असे दाखवून छायाचित्रे काढू लागतो. आम्ही स्वतः हे तिन्ही प्रकार पाहिले आहेत. तेव्हा या वाक्यात खरे किती आहे, याचा विचार जाण्यापूर्वी केलेला बरा. मात्र त्यासाठी आधी तळ्यांची हकीकत ऐकली पाहिजे. जे नेले ते ज्या मुलखातून नेले, तो मुलूख या तळ्यांच्या आधाराने जगत होता.

पहिली गोष्ट अशी की उदेपूरच्या आसपासचे एकही मोठे तळे निसर्गाने दिलेले नाही. काश्मीरचे वुलर किंवा ओरिसाचे चिलका पाहताना जो भाव मनात असतो तो येथे उपयोगाचा नाही. पाऊस जेमतेम पंचवीस इंच, तोही लहरी. अरवलीच्या डोंगरांतून येणारे ओढे चार महिने वाहणारे आणि आठ महिने कोरडे. त्या ओढ्यांना दोन टेकड्यांच्या खिंडीत अडवून माणसांनी हे पाणी उभे केले आहे. ज्या बांधाने ते अडवले त्याला तेथे 'पाळ' म्हणतात. हा शब्द आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पिछोल्याची पहिली पाळ चौदाव्या शतकाच्या अखेरीस, महाराणा लाखाच्या काळात, एका बंजाऱ्याने बांधली, अशी परंपरा आहे. धान्याचे बैल हाकणारा तो माणूस. त्याला पावसाळ्यात ओढा ओलांडता येईना म्हणून त्याने बांध घातला, असे सांगतात. म्हणजे या सगळ्या वैभवाचे मूळ एका व्यापाऱ्याच्या अडचणीत आहे. तळ्यात एक लहानसा चौथरा आहे, त्याला 'नटनीका चबूतरा' म्हणतात. दोरावरून तळे ओलांडशील तर अर्धे राज्य देईन, असे वचन एका राण्याने एका नटणीला दिले आणि ती पैलतीराजवळ येताच कोणी तरी दोर कापला, अशी कथा आहे. वाटाडे ही कथा रंगवून सांगतात. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण लोकांच्या स्मरणात राण्यांची वचने कशी राहिली हे तिच्यावरून कळते.

पुढे महाराणा उदयसिंहाने सोळाव्या शतकाच्या मध्यास येथे शहर वसवले, पिछोला वाढवला आणि पूर्वेस उदयसागर बांधला. १५६८ साली अकबराने चितोड घेतले तेव्हा मेवाडच्या राजघराण्याला पाय टेकायला जागा उरली ती या डोंगरांमुळे आणि या पाण्यामुळे. पाण्याचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. पिछोल्याचे पाणी आहाड नदीतून उदयसागरात, तेथून बेडच नदीने बनासला, बनासमधून चंबळेला आणि चंबळेतून यमुनेला, असे करीत अखेर गंगासागराला पोहोचते. उलट दक्षिणेकडच्या जयसमंदाचे पाणी महीच्या वाटेने खंबायतच्या आखाताकडे जाते. पन्नास किलोमीटरांच्या अंतरात हिंदुस्थानचे पाणी दोन समुद्रांकडे वाटले गेले आहे.

सहलीच्या यादीत बहुधा नसते आणि आमच्या मते सर्वांत आधी पाहावे असे स्थळ म्हणजे राजसमंद. उदेपूरहून उत्तरेला पासष्ट किलोमीटरांच्या आसपास, नाथद्वाऱ्याच्या थोडे पुढे. १६६१-६२ साली मेवाडात मोठा दुष्काळ पडला. महाराणा राजसिंहाने गोमती नदी अडवून तळे बांधण्याचे काम काढले आणि हजारो भुकेल्या हातांना मजुरी दिली. हे काम १६७६ पर्यंत चालले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली पिढी अजून आपल्यात आहे. रोजगार हमी योजनेचा जन्म त्याच दुष्काळातला. त्या पिढीतल्या माणसाने कांकरोलीच्या त्या पाळीवर उभे राहावे, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचे दुष्काळी काम काय होते हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की येथे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या संगमरवरी आहेत, मंडपांच्या छतांवर आणि खांबांवर नक्षी आहे आणि या भागाला 'नौचौकी' म्हणजे नऊ चौक्यांचा घाट असे नाव आहे. काम पुरे झाल्यावर राण्याने तळ्याला पायी प्रदक्षिणा घातली आणि सोन्याची तुला केली.

त्या घाटावर पंचवीस काळ्या शिळा बसवलेल्या आहेत. रणछोड भट्ट या तैलंग पंडिताने रचलेले 'राजप्रशस्ति' हे हजारांहून अधिक श्लोकांचे संस्कृत काव्य त्यांवर कोरले आहे. मेवाडचा इतिहास, तळ्याचा खर्च, दाने, तुला, सगळे त्यात आहे. एवढा मोठा ग्रंथ दगडावर कोरल्याची उदाहरणे आपल्या देशात फार थोडी. आणि कोरला तो कोठे? विजयस्तंभावर नव्हे, पाण्याच्या काठावर.

येथे एक आठवण दिल्यावाचून पुढे जाववत नाही. राजसमंदाची पाळ उभी राहत होती त्याच वर्षांत, १६७४ साली, रायगडावर राज्याभिषेक झाला आणि भोसल्यांचे कूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडले गेले. त्या वंशावळीवर संशोधकांत पुष्कळ वाद झाला आहे, तो येथे नको. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया बसवला तेव्हा त्याला लिहिलेले एक निर्भीड पत्र प्रसिद्ध आहे. टॉड म्हणतो ते राजसिंहाने लिहिले, जदुनाथ सरकार म्हणतात शिवाजी महाराजांनी. एकच पत्र दोघांच्याही तोंडी शोभावे, यातच त्या काळचे नाते दिसते. दोघेही १६८० साली वारले.

जयसमंदाविषयी थोडक्यात सांगतो. राजसिंहाचा मुलगा जयसिंह याने १६९१ साली तो पुरा केला. पाळीची उंची सुमारे ११६ फूट, पायऱ्यांवर दगडी हत्ती आणि छत्र्या. पाळीमागे आधारासाठी दुसरी भिंत घातलेली होती. मात्र दोन भिंतींमधली पोकळी भरायची राहिली, ती दीड शतकाहून अधिक काळ तशीच. १८७५ सालच्या अतिवृष्टीत धोका दिसला तेव्हा महाराणा सज्जनसिंहाने ती भरायला घेतली. तळ्यातल्या बेटांवर भिल्ल-मीणा लोकांची वस्ती आहे. तेथे जाणाऱ्याने हॉटेलाच्या बेटापेक्षा त्या वस्तीकडे जरा पाहावे.

आता पुन्हा पिछोल्याकडे वळू. जगमंदिराच्या बेटावर बंडखोर शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाच्या भीतीने आश्रयाला राहिला होता. पुढे १८५७ साली निमचच्या छावणीतून पळालेल्या इंग्रज कुटुंबांनाही येथेच आसरा मिळाला. निमच हे नाव ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

१७३४ च्या जुलैत मेवाडातील हुरडा या गावी राजपूत राजे जमले आणि मराठ्यांना रोखण्याच्या आणाभाका झाल्या. त्या सभेत मेवाडचा महाराणा दुसरा जगतसिंह अग्रभागी होता. पुढच्याच वर्षी, १७३५ च्या मे महिन्यात, त्याच महाराण्याच्या उदेपुरास एक मराठी बाई पाहुणी म्हणून आली : थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई. पुण्याहून काशीयात्रेस निघालेल्या या वृद्ध स्त्रीला महाराण्याने मोठ्या आदराने वागवले. नाथद्वारा करून त्या जयपुरास गेल्या. उदेपूर पाहिलेल्या मराठी यात्रेकरूंची गणना करायची तर पहिला मान आम्ही त्यांना देतो. ज्यांच्याविरुद्ध शपथा घेतल्या त्यांच्या आईला पालखीतून सुखरूप पुढे पोचवायचे, यात धोरण होते हे खरे, पण नुसते धोरण नव्हते.

१७३६ च्या आरंभी खुद्द बाजीराव आले. आहाडजवळच्या चंपाबागेत त्यांचा मुक्काम पडला. दरबारात दोन आसने मांडली होती. राण्याच्या बरोबरीने न बसता बाजीराव खालच्या बाजूस बसले, चितोडच्या गादीचा मान राखला. आणि त्याच भेटीत सालिना दीड लाखाच्या आसपास चौथ ठरवून घेतली! मग जगमंदिर पाहण्याचे आमंत्रण आले. बेटावर नेऊन दगा करणार अशी कुजबुज कानावर गेल्याने बाजीराव संतापले आणि राण्याला त्यांची समजूत पैशानेच काढावी लागली, असे इतिहासकार लिहितात. पेशव्यांना पिछोल्यातली सहल महाग पडणार होती, ती राण्याला पडली. आज सगळे ज्या पांढऱ्या जलमहालाकडे बोट दाखवतात तो जगनिवास त्या वेळी नव्हता. चौथ कबूल करणाऱ्या याच जगतसिंहाने तो १७४६ साली पुरा केला. दरबार कर्जात आणि महाल पाण्यात, अशी ती अवस्था.

खरी कठीण गोष्ट १७६९ ची आहे. मेवाडात गादीचा तंटा लागला. महाराणा अरिसिंहाविरुद्ध काही सरदारांनी रतनसिंह नावाचा हक्कदार उभा केला आणि महादजी शिंद्यांना बोलावले. उज्जैनीजवळ क्षिप्रेच्या काठी लढाई होऊन महादजींनी उदेपुरास वेढा घातला. शहर वाचवले ते अमरचंद बडवा या प्रधानाने. (आडनाव पाहून पंढरपूरच्या बडव्यांशी नाते जोडू नये.) पगार थकलेल्या सिंधी शिपायांना त्याने आवरले, धान्याची सोय केली, मोर्चे बांधले. टॉड सांगतो की सत्तर लाखांवर तह ठरला, पण त्यानंतर शिंद्यांनी आणखी वीस मागितले. तेव्हा अमरचंदाने तहाचा कागद फाडून त्याचे तुकडे परत पाठवले. वेढा पुढे चालला आणि अखेर साडेत्रेसष्ट लाखांवर निकाल झाला. तेहतीस लाख सोने, रुपे, जडजवाहीर देऊन भागवले. बाकीसाठी जावद, जीरण, निमच आणि मोरवण हे परगणे गहाण पडले, ते मेवाडला परत मिळाले नाहीत. शिंद्यांच्या राज्यातून ते पुढे मध्य प्रदेशात आले. नकाशा उघडला तर निमच आजही तेथेच दिसेल. गहाणखताची रेघ आज राज्याची सीमा होऊन बसली आहे.

टॉड हा इंग्रजांचा उदेपुरातला पहिला एजंट. १८१८ च्या तहानंतर तो तेथे होता. मराठ्यांविषयी त्याच्या मनात प्रेम नव्हते आणि मराठे वाईट ठरले तर कंपनी सरकार चांगले ठरते, हे तो जाणून होता. म्हणून त्याचा शब्द तपासून घ्यावा लागतो. शहरातल्या पन्नास हजार घरांपैकी तीन हजारही घरांत माणूस उरला नव्हता, हा त्याचा आकडा आम्ही जसाच्या तसा घेणार नाही. पानिपतानंतर पुण्याचा खजिना रिकामा होता, फौजेचे पगार थकले होते आणि शिंद्यांना घरात बोलावणारे मेवाडचेच सरदार होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु एवढे सगळे सांगून झाल्यावरही वाटाड्याचे वाक्य खोटे ठरत नाही. १८१० साली कृष्णाकुमारी या सोळा वर्षांच्या राजकन्येला विष प्यावे लागले. जयपूर-जोधपूरच्या भांडणात आणि अमीरखान पेंढाऱ्याच्या धाकात ते घडले, पण तो अमीरखान होळकरांच्याच आश्रयाने मोठा झालेला होता. आणि इतक्या वर्षांत मेवाडातून जे वसूल झाले त्यातून मेवाडात एखादी पाळ बांधली गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. अहिल्याबाईंनी काशीपासून गयेपर्यंत बांधकामे केली, त्यांचा अभिमान आपण बाळगतो. ज्याला तो अभिमान बाळगायचा आहे त्याला हा दुसरा हिशेबही ठेवावा लागतो.

पाण्याचा प्रश्न तेथे आजही संपलेला नाही. या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळी वर्षांत पिछोला आटला आणि जेथे नावा चालतात त्या तळावर माणसे पायी हिंडली. मग ओढे, कालवे आणि कचरा यांच्याकडे शहराचे लक्ष गेले. २०२५ साली रामसर करारान्वये 'पाणथळ नगर' म्हणून मान्यता मिळालेल्या भारतातल्या पहिल्या दोन शहरांत इंदूरच्या बरोबर उदेपूर आहे. म्हणजे एक होळकरांचे इंदूर आणि दुसरे हे.

गणगौर घाटावर बागोरकी हवेली आहे. संध्याकाळी तेथे राजस्थानी नाच होतात आणि तिकिटासाठी रांग लागते. ही हवेली बांधली अमरचंद बडव्याने. राज्याचा कारभार हातात असलेला हा माणूस मरण पावला तेव्हा अंत्यविधीपुरतेही पैसे घरात नव्हते, असे टॉडने लिहिले आहे. आमच्या वाटाड्याने ते नेहमीचे वाक्य उच्चारले तेव्हा आम्ही त्याला इतकेच म्हणालो की नेले हे खरे, आता ज्याने तहाचा कागद फाडला त्याचे घर आम्हाला दाखवा. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, नावाड्याला हाक मारली आणि नाव घाटाकडे वळवली.