द बॉइज मालिकेला मिळालेला प्रेक्षक-प्रतिसाद

द बॉइज ही एरिक क्रिप्की यांनी विकसित केलेली अमेरिकन उपहासात्मक सुपरहिरो मालिका आहे. तिचा पहिला हंगाम २६ जुलै २०१९ रोजी ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ या सेवेवर प्रदर्शित झाला. टोकाची हिंसा, काळा विनोद आणि समकालीन अमेरिकन राजकारणावरील टीका यांमुळे मालिकेला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, तसेच तिच्याविषयी तीव्र मतभेदही निर्माण झाले. हे मतभेद प्रामुख्याने हिंसेचे प्रयोजन, होमलँडर या पात्राचा अर्थ आणि नंतरच्या हंगामांतील कथानकाची गती या तीन मुद्द्यांभोवती आहेत.

पार्श्वभूमी

गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या याच नावाच्या कॉमिक मालिकेवर ही मालिका आधारित आहे. कॉमिकचे प्रकाशन २००६ मध्ये डीसी कॉमिक्सच्या वाइल्डस्टॉर्म या शाखेतर्फे सुरू झाले. सहा अंकांनंतर तेथील प्रकाशन थांबले आणि पुढील अंक डायनामाइट एंटरटेनमेंटने काढले. २०१२ मध्ये ७२व्या अंकासह कॉमिक पूर्ण झाले.

मालिकेतील जगात अतिमानवी शक्ती असलेले नायक हे व्हॉट इंटरनॅशनल या बलाढ्य कंपनीची मालमत्ता असतात. चित्रपट, जाहिराती आणि राजकीय प्रभाव यांद्वारे कंपनी त्यांची प्रतिमा विकते. त्यांचे गुन्हे मात्र दडपले जातात. बिली बुचर (कार्ल अर्बन) याच्या नेतृत्वाखालील एक छोटा गट या नायकांविरुद्ध लढतो. नायकांच्या ‘द सेव्हन’ या संघाचा प्रमुख होमलँडर (अँटनी स्टार) हा मालिकेतील मुख्य खलनायक आहे.

प्रारंभीचे स्वागत

रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर पहिल्या हंगामाला समीक्षकांची सुमारे ८५ टक्के अनुकूलता मिळाली. पुढील तिन्ही हंगामांसाठी हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक राहिले. कॉमिक वाचलेल्या अनेक प्रेक्षकांना मालिकेतील पात्रे मूळ कॉमिकपेक्षा अधिक सखोल वाटली. स्टारलाइट (एरिन मोरियार्टी) या नायिकेवरील लैंगिक जबरदस्तीचा प्रसंग मालिकेत बदलण्यात आला. त्याचे परिणाम आणि तिने त्याविषयी जाहीरपणे बोलणे यांना कथेत स्थान देण्यात आले. या हाताळणीचे कौतुक झाले.

सप्टेंबर २०२० मध्ये मालिका नीलसन संस्थेच्या अमेरिकेतील साप्ताहिक स्ट्रीमिंग क्रमवारीत पहिल्या दहांत आली. नेटफ्लिक्सवर नसलेल्या मालिकेने हे स्थान मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. दुसऱ्या हंगामाला २०२१ च्या प्राइमटाइम एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका या गटात नामांकन मिळाले.

साप्ताहिक प्रदर्शनाचा वाद

पहिल्या हंगामाचे आठही भाग एकाच दिवशी उपलब्ध झाले होते. दुसऱ्या हंगामाचे मात्र पहिले तीन भाग ४ सप्टेंबर २०२० रोजी आणि उरलेले दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रदर्शित झाले. नाराज प्रेक्षकांनी ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर मोठ्या संख्येने एक-तारांकित अभिप्राय नोंदवले. त्यांतील अनेक अभिप्राय आशयाविषयी नसून प्रदर्शनाच्या पद्धतीविषयी होते. हा निर्णय निर्मात्यांनी सर्जनशील कारणांसाठी घेतला असून भागांवर चर्चेला वेळ मिळावा हा त्यामागील हेतू आहे, असे स्पष्टीकरण क्रिप्की यांनी दिले. पुढील हंगामांतही हीच पद्धत कायम राहिली.

हिंसेविषयीची मते

पहिल्याच भागात ए-ट्रेन हा वेगवान नायक ह्यूई (जॅक क्वेड) याच्या प्रेयसीच्या शरीरातून आरपार धावत जातो आणि ती त्याच्यासमोर छिन्नविच्छिन्न होते. समर्थक प्रेक्षकांच्या मते अशी दृश्ये विषयाला आवश्यक आहेत. अतिमानवी शक्तीची खरी किंमत सर्वसामान्य माणसाला कशी मोजावी लागते, हे नेहमीच्या सुपरहिरोपटांत झाकलेले सत्य ती उघड करतात. या संदर्भात पहिल्या हंगामातील विमान अपहरणाच्या प्रसंगाचा उल्लेख वारंवार होतो. त्यात होमलँडर प्रवाशांना मरणाच्या स्वाधीन करून निघून जातो आणि पुढे त्याच दुर्घटनेचा प्रचारासाठी उपयोग करतो. येथे रक्तपात फारसा दिसत नसूनही अनेकांना हा मालिकेतील सर्वांत भीषण प्रसंग वाटतो.

विरोधी मतानुसार, पुढील हंगामांत हिंसा आणि लैंगिक दृश्ये धक्का देण्याच्या स्पर्धेत उतरली असून पुनरावृत्तीमुळे त्यांचा परिणाम बोथट झाला आहे. चौथ्या हंगामात ह्यूईवरील लैंगिक अत्याचाराचा प्रसंग विनोदी अंगाने मांडल्याबद्दल विशेष टीका झाली. स्टारलाइटच्या बाबतीत दाखवलेले गांभीर्य पुरुष पीडिताच्या बाबतीत दिसले नाही, असा या टीकेचा आशय होता.

होमलँडर आणि राजकीय आशय

अँटनी स्टार यांच्या अभिनयाविषयी समर्थक व टीकाकार यांच्यात मोठ्या प्रमाणात एकमत आढळते. पात्राच्या अर्थाविषयी मात्र तसे नाही. होमलँडर हा क्रूर आणि स्तुतीसाठी आसुसलेला खलनायक असूनही प्रेक्षकांचा एक गट त्याच्याकडे सामर्थ्याचे प्रतीक म्हणून पाहतो. हे पात्र डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील भाष्य असल्याचे क्रिप्की यांनी २०२२ मध्ये मुलाखतीत स्पष्ट केले.

तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस एक निदर्शक होमलँडरच्या मुलाच्या दिशेने डबा फेकतो, तेव्हा होमलँडर त्याला भर गर्दीत ठार करतो. क्षणभराच्या शांततेनंतर समर्थकांचा जमाव जल्लोष करतो. हे दृश्य खुद्द होमलँडरच्या चाहत्यांवरील भाष्य म्हणूनही पाहिले गेले. त्यानंतर मालिकेवर ‘एकांगी राजकीय प्रचार’ असा आक्षेप वाढला. उपहासाचे लक्ष्य पहिल्या हंगामापासून तेच होते, असे प्रत्युत्तर समर्थकांनी दिले. मालिका कॉर्पोरेट जाहिरातबाजी आणि दिखाऊ पुरोगामीपणा यांचीही खिल्ली उडवते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

स्त्री पात्रांविषयीच्या काही प्रतिक्रियांना द्वेषाचे स्वरूप आले. आपल्यावरील स्त्रीद्वेषी टिप्पण्यांविषयी एरिन मोरियार्टी यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे दुःख व्यक्त केले.

चौथा हंगाम

१३ जून २०२४ पासून प्रदर्शित झालेल्या चौथ्या हंगामात समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर सर्वाधिक रुंदावले. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची अनुकूलता ९० टक्क्यांहून अधिक असताना प्रेक्षकांचे गुणांकन पन्नाशीच्या घरात उतरले. यामागे ठरवून नोंदवलेले प्रतिकूल अभिप्राय असल्याचे अनेक माध्यमांनी म्हटले. मालिकेची राजकीय भूमिका मान्य नसणाऱ्यांनी दुसरे काही पाहावे, अशा आशयाची प्रतिक्रिया क्रिप्की यांनी दिली.

तथापि सर्व नाराजी राजकीय नव्हती. बुचर आणि होमलँडर यांच्यातील निर्णायक संघर्ष वारंवार पुढे ढकलला जाणे, उपकथानकांची गर्दी आणि जेन व्ही (२०२३) या संलग्न मालिकेतील घटनांवरील अवलंबन यांवर मालिकेच्या जुन्या चाहत्यांनीही टीका केली. त्यामुळे एकत्रित गुणांकनातून कलात्मक असमाधान आणि राजकीय रोष वेगळे करणे कठीण झाले.

१३ जुलै २०२४ रोजी ट्रम्प यांच्यावर हत्येचा प्रयत्न झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी येणाऱ्या अंतिम भागाच्या मूळ शीर्षकात राजकीय हत्येचा उल्लेख होता. ते शीर्षक बदलण्यात आले आणि भागापूर्वी सूचना जोडण्यात आली.

उपहासातील विसंगती

मक्तेदार कंपन्यांवर टीका करणारी मालिका जगातील मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या ॲमेझॉननेच प्रसारित करावी, या विरोधाभासावरही चर्चा होते. ॲनिमेटेड डायबॉलिकल (२०२२) आणि जेन व्ही या संलग्न मालिकांमुळे ज्या विस्तारवादी कथाविश्वांची थट्टा केली, त्याच मार्गाने मालिका जात असल्याचा आक्षेप घेतला गेला. पाचवा हंगाम अखेरचा असेल, असे क्रिप्की यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले.